इथपर्यंत

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, मे महिनाभर रोज एक फोटो. तू सांगलीतला, मी पुण्यातला. इमारत हवी, नाहीतर रस्त्यावरचं रोजचं काहीतरी. फुलं, मांजर, सूर्यास्त बाद. रात्री नऊच्या आत पाठवायचा. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून." ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बघायची सवय लागावी म्हणून चार मैत्रिणींनी मिळून हे ठरवलं होतं, पाचवी कुणी मिळत नव्हती, म्हणून मी. मी हो म्हटलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून कॅमेऱ्याची बॅग खाली काढली.

कॅमेरा निकॉनचा डी ५३००. २०१५ च्या दिवाळीला घेतलेला. त्यावर ३५ मिलिमीटरची एकच लेन्स. सेन्सर लहान असल्यामुळे ती साधारण ५२ मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे एका जागी उभं राहून माणूस जेवढं नीट न्याहाळतो तेवढंच त्यात मावतं. झूम नाही, पुढं-मागं आपणच व्हायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातलं, म्हणजे जुन्या सांगलीतलं घर सोडताना पिशवीत आईची औषधं, घराचे कागद आणि हा कॅमेरा एवढंच घेतलं होतं. मग आम्ही विश्रामबागला भाड्याच्या घरात आलो आणि कॅमेरा फळीवर गेला तो गेलाच. मी एका स्ट्रक्चरल इंजिनियरच्या ऑफिसात बावीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर इमारतीच काढत असते, पण त्या स्क्रीनवरच्या, रेघांच्या. खऱ्या इमारतीपुढं नुसतं उभं राहून किती वर्षं झाली होती, ते बॅगेची चेन उघडताना कळलं.

पहिले सहा दिवस मी पाहुण्यासारखे फोटो काढले. पहाटे पावणेसहाला स्कूटी बाहेर काढायची, सांगली-मिरज रस्त्यानं गावात यायचं, तास-दीड तास फिरायचं आणि आंघोळीला घरी परतायचं. आयर्विन पुलाच्या कमानी झाल्या, गणपती मंदिर झालं, सरकारी घाट झाला, राजवाडा चौक झाला. फोटो वाईट नव्हते. उन्हाळ्यात कृष्णा खाली गेलेली असते, पुलाचे दगडी खांब पायापर्यंत उघडे पडतात, घाटावर पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकत असतात. कुणालाही आवडावं असंच होतं ते सगळं. तिसऱ्या दिवशी भाचीनं एवढंच लिहिलं, "मावशी, उभ्या रेषा आत पडल्यात."

बावीस वर्षं ओळंब्यात रेघा मारणाऱ्या बाईला हे लागलं. पण खरं होतं. उंच इमारतीसमोर उभं राहिलं की हात आपोआप कॅमेरा वर उचलतो, आणि कॅमेरा वर कलला की भिंती माथ्याकडे एकमेकींवर झुकतात. उपाय सोपा आहे. कॅमेरा जमिनीला समांतर धरायचा, स्क्रीनवरची चौकट लावायची आणि माथा मावेपर्यंत मागं जायचं. आयर्विनवर हे जमतं. गावभागात कुठं मागं जाणार? आठ फुटांचा बोळ, दोन पावलांत पाठ समोरच्याच्या भिंतीला टेकते. तिथं पुरी इमारत मावतच नाही. मावतो तो एक खांब, एक कोनाडा, दिंडी दरवाजाचा कोयंडा, खिडकीचे तीन गज. पाचव्या दिवसापासून मी माथ्याचा नाद सोडला आणि भिंतीच बघायला लागले. पुढं जे सापडलं ते यामुळंच सापडलं, असं मला वाटतं.

सातव्या दिवशी शून्य सावली होती. सांगलीच्या अक्षांशावर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टचा दिवस सहसा कुणाला दिसत नाही. तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि सगळं गाव नदीकडं बघत असतं. मेचा मात्र लख्ख दिसतो. साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना हरभट रस्त्यावर एका विजेच्या खांबापाशी उभी राहिले. डबा न खाताच ऑफिसातून सटकले होते. खांबाची सावली आखडत आखडत खांबाच्या बुडात शिरली. फोटो काढला. उन्हाचा कडाका असा, की कॅमेऱ्याचं पाठचं अंग हाताला चटका देत होतं.

निघायला म्हणून वळले आणि समोरच्या दुकानाच्या भिंतीवर मला रेघ दिसली.

रोज सकाळी मी त्याच भिंतीवरून जात होते. सकाळचं ऊन समोरून पडतं, सपाट. भिंत गुळगुळीत, रंगवलेली, स्वच्छ दिसते. भर दुपारी मेच्या पहिल्या आठवड्यात ऊन भिंतीवरून घसरत खाली येतं. भिंतीवर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा असला तरी त्याची सावली हातभर लोंबते. त्या उजेडात गिलाव्याचा एक आडवा फुगवटा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता, माझ्या डोक्याच्या वर वीतभर. त्याच्या खाली तपकिरी ऑईलपेंट, वर पांढरा डिस्टेंपर. रंगाऱ्यानं दोन रंगांची सीमा त्या फुगवट्यावरच धरली होती, म्हणजे तो झाकला जावा. दहा मिनिटांत ऊन सरकलं आणि रेघ पुन्हा भिंतीत गेली.

खांबाचा फोटो मी पाठवलाच नाही. रेघेचा पाठवला. भाचीनं विचारलं, "हे काय आहे?" मी लिहिलं, "एकोणीसचं पाणी."

सांगलीबाहेरच्यांना हे जरा सांगायला हवं. आमच्याकडं पावसाळ्यात माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. १९२९ साली हा पूल झाला, व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा. त्याच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवलेली आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ ला पाणी ५४ फुटांच्या जवळ गेलं होतं. त्या पुरानंतर आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं आपापलं माप ठरवलं, की याच्या वर पाणी येत नाही. फ्रीज त्या मापाच्या वर, धान्याच्या कोठ्या त्या मापाच्या वर, विजेचा मीटर त्या मापाच्या वर. २०१९ ला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. चौदा वर्षं जपलेलं माप साडेतीन फुटांनी चुकलं. २०२१ ला पुन्हा ५५ च्या आसपास. आणि पाणी तरी नदीवरून सरळ चालत येतं असं कुठं आहे? आधी ते नाल्यातून उलटं शिरतं, घराच्या मागच्या बाजूनं. समोरचा रस्ता कोरडा असतो आणि परड्यात पाणी चमकत असतं.

त्या दिवसापासून मी दुसरं काही शोधलंच नाही. उरलेले चोवीस दिवस बहुतेक रेघच.

एकदा डोळ्याला सापडली की ती सगळीकडं दिसायला लागते. कुठं लोणा लागलेल्या गिलाव्याचा पापुद्रा एका उंचीपर्यंत सुटलेला आणि वर धड. कुठं शटरच्या पट्ट्यांमध्ये गंज, आठव्या पट्टीपर्यंत. एका जुन्या फळीच्या दारावर लाकूड दोन रंगांचं झालेलं. एका औषध दुकानात काउंटरमागची पहिली चार कपाटं नवी कोरी आणि त्यावरची शिसवी, आजोबांच्या काळातली. सगळ्यांत बोलके निघाले मीटर. गावभागातल्या एखाद्या अपार्टमेंटच्या जिन्यात जाऊन बघा. जुन्या मीटरपेटीची चौकोनी जागा कमरेच्या उंचीला बुजवलेली असते, तिच्या वर डोक्याच्या उंचीला दुसरी, तीही बुजवलेली, आणि आताचे मीटर पहिल्या मजल्याच्या वळणावर. दोन पूर एकाच भिंतीवर, एकाखाली एक. अकराव्या दिवसाचा फोटो तोच आहे. महिन्यात काढलेल्या फोटोंपैकी पहिल्या तिनात मी तो धरते.

जिथं रेघ सापडत नव्हती तिथं विचारायला लागले. पहिल्यांदा विचारलं ते एका इस्त्रीवाल्या काकांना. "काका, पाणी कुठवर होतं हो इथं?" त्यांनी इस्त्री टेबलाच्या कडेला ठेवली, उठले, उजवा हात आडवा करून भिंतीला लावला आणि म्हणाले, "इथपर्यंत." हात त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता. तळवा खाली, बोटं जुळलेली, पाण्यावर हात ठेवावा तसा. मी म्हटलं, "तसाच ठेवाल का जरा?" त्यांनी ठेवला. कपड्यांच्या वाफेनं मऊ पडलेला हात, नखाशी जुना भाजल्याचा डाग. चेहरा घेतला नाही.

मग मी रोज विचारायचे. गिरणीवाला, शिलाईवाल्या ताई, शाळेच्या दारातला बोरं-चिंचा विकणारा म्हातारा, नव्यानं घेतलेल्या मेडिकलमधला मुलगा. कुणी "किती होतं" याला आकडा सांगितला नाही. सगळ्यांनी हात लावला आणि सगळे एकच शब्द बोलले. काही जण आधी कमरेला हात लावायचे, "हे पाच सालचं", मग वर न्यायचे, "हे एकोणीसचं". मेडिकलच्या मुलाचा हात पोचेना म्हणून त्यानं उडी मारून बोट टेकवलं. तो फोटो हलला आहे, तरी तोच पाठवला. महिन्याअखेरीस हातांचे अकरा फोटो झाले. दोन बायकांनी मात्र हात लावायला नकार दिला. एक म्हणाली, "नको बाई, आठवण नको." मी कॅमेरा बंद केला आणि तिच्याकडून पावशेर भडंग घेऊन निघाले. फोटो काढणाऱ्यानं एवढं तरी पाळावं असं मला मनापासून वाटतं. भिंत कुणाला काही बोलत नाही म्हणून तिचा फोटो कधीही काढावा, माणसाचं दुःख मात्र त्याला विचारून.

मधले काही दिवस साधे गेले. मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघितले, पोत्यांच्या थप्पीवरून चालणारे हमाल टिपले, पिवळी धूळ लेन्सवर बसली ती दोन दिवस निघेना. स्टेशन रोडला एक फोटो, भावे नाट्यमंदिराबाहेर नाटक सुटल्यावरच्या गर्दीचा एक. सतराव्या दिवशी ताप होता, तर गॅलरीतून समोरच्या बांधकामाची सेंट्रिंग काढून पाठवली.

हरिपूरला मात्र मी मुद्दाम एक अख्खी सकाळ दिली. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली कोठी, पंचवीस-तीस फूट खोल, तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं. इथली माती अशी, की पाणी आत झिरपत नाही. तोंड बंद केलं की आत प्राणवायू उरत नाही, किडा जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची. ज्या मातीनं झिरपणारं पाणी अडवलं तिला तोंडातून ओतणारा पूर अडवता आला नाही. २००५ ला पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, आणि त्यानंतर माल गोदामांत, कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊ लागला. आता ज्या जागी पेवं होती तिथं नुसती जमीन दिसते. मी विचार करत बसले की खाली बांधलेल्या इमारतीचा फोटो कसा काढायचा. शेवटी एका काकांनी पायानं माती बाजूला सारून झाकणाच्या दगडाची कड दाखवली. दगड, त्यांची वहाण आणि भोवतीचं गवत, एवढंच आलं फोटोत. भाचीला ते कळलं नाही. तिला फोन करून अर्धा तास समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, याचा सेक्शन काढून पाठव ना." काढला, म्हणजे पेव उभं कापलं तर आत कसं दिसेल त्याचं चित्र. मडक्यासारखा आकार, अरुंद गळा, गोल पोट. माझ्या नोकरीत मी काढलेलं सगळ्यांत सुंदर सेक्शन तेच असेल.

आता माझ्या कामाशी लागून असलेली एक गोष्ट, जी महिनाभर मला टोचत राहिली. एकोणीसनंतर गावभागात, खणभागात जे नवीन उभं राहतंय ते बहुतेक खांबांवर. खाली पार्किंग, राहणं पहिल्या मजल्यापासून वर. अशी ड्रॉइंग मी स्वतः कितीतरी काढली आहेत. हिशेबानं ते बरोबरच आहे. पाणी येईल, खालून जाईल, गाड्या काढल्या की नुकसान शून्य. मी त्याच्या विरोधात एक शब्दही बोलणार नाही, ज्यानं पलंगावर पलंग रचून रात्र काढली आहे तो तर मुळीच बोलणार नाही. पण बाविसाव्या दिवशी एकाच जागी उभं राहून गल्लीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले. डावीकडं जुनी घरं, अडीच-तीन फुटांचं दगडी जोतं, त्याला लागून ओटा. ओट्यावर एक आजी लसूण सोलत, शेजारी पेपर वाचणारा माणूस, पायरीवर दोन पोरं पत्ते खेळत. उजवीकडं नवी इमारत. खाली चार खांब, एक कार, तीन स्कूटर, लोखंडी गेट, गेटला कुलूप. माणूस कुठंच नाही. माणसं वर सुखरूप आहेत, दारं लावून.

ओटा हा आमच्या गावाचा खरा दिवाणखाना होता. जोतं पाण्यासाठी उंच केलं म्हणून ओटा झाला, आणि ओटा झाला म्हणून माणसं बसली. आता पाण्यासाठी अख्खं घरच उंच केलं आणि बसायची जागा गेली. ऑफिसात साहेबांना हे दोन्ही फोटो दाखवले. म्हटलं, पार्किंगच्या पुढच्या दोन खांबांमध्ये दगडी कट्टा दिला तर? पाण्याला तो अडथळा नाही, वाहून जायची भीती नाही, खर्च तर काहीच नाही. साहेब बराच वेळ बघत राहिले. सध्या जे एक काम चालू आहे त्यात कट्टा काढून ठेवलाय. मालक ठेवतील का, ते मात्र त्यांच्यावर.

चोविसाव्या दिवशी मी आमच्याच बोळात गेले. तोवर टाळलं होतं.

आमचा वाडा दुमजली. खाली काळ्या दगडाचं बांधकाम छातीपर्यंत, त्यावर पांढऱ्या मातीची भेंडी. भेंडी म्हणजे कच्च्या विटा; उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि पाण्यात आठ दिवस उभ्या राहिल्या की चहातल्या बिस्किटासारख्या. मागची भिंत एकोणीसला बसली. पुढचीचा अर्धा भाग नंतर उतरवला. पण घर पडलं नाही. वाड्याचा भार भिंतीवर नसतोच, तो सागवानी खांबांवर आणि तुळयांवर असतो, भिंत नुसती आडोशाला. खांबांच्या बुडाला दगडी तळखडे, म्हणजे लाकूड ओलीत राहत नाही. भिंती गेल्या तरी खांब, तुळया, माडी आणि वरची कौलं अशी उभी आहेत. आतून आभाळ दिसतं. आम्ही कॉलेजात शिकलो ते त्या गवंड्या-सुतारांना न शिकवताच ठाऊक होतं.

अडचण अशी, की ज्या भिंतीवर रेघ होती ती भिंतच उरली नव्हती. आमच्या घरात पाणी कुठपर्यंत होतं हे सांगायला काहीच नव्हतं. मग मला लेव्हल ट्यूब आठवली. साइटवर गवंडी वापरतात ती, बोटाएवढ्या जाडीची पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली. नळी कितीही वेडीवाकडी फिरवा, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत उभं राहतं. एका टोकाला खूण धरली की दुसऱ्या टोकाला तीच उंची मिळते. आणि एवढ्याशा बोळात तुंबलेल्या पुराचं पाणी तरी वेगळं कुठं वागतं? समोरच्या घराच्या दगडी कमानीवर रेघ अजून पक्की आहे. तिथून ती आमच्याकडं आणायची, बस्स.

आमच्या साइटवरच्या एका गवंड्याला रविवारी सकाळी बोलावलं. मी समोरच्या कमानीशी स्टुलावर उभी, तो नळी घेऊन बोळ ओलांडून आमच्या चौकटीपाशी. नळीत बुडबुडा राहिला की पातळी चुकते, म्हणून त्यानं आधी नळी झटकून झटकून बुडबुडे काढले. "बाई, धरा." मी पाणी रेघेवर आणलं. "आलं." त्यानं चौकटीवर पेन्सिलीनं खूण केली. टेपनं मोजलं: उंबरठ्यापासून सात फूट पाच इंच. चौकटीच्या गणेशपट्टीच्या जरा खाली. पाणी त्या दारातून आत गेलं तेव्हा दारात रिकामी जागा जवळपास उरलीच नव्हती.

मग घडीचा स्क्रीन बाहेर काढून खाली वळवला, मोनोपॉडवर कॅमेरा चढवला आणि लेन्स बरोबर त्या खुणेच्या उंचीला धरून बोळाचे फोटो काढले. पाणी जिथून बघत होतं तिथून. समोर कुणाच्या खिडकीचा माथा, सज्जाची खालची बाजू, विजेच्या तारा अगदी जवळ. रस्ता दिसत नाही. दारं दिसत नाहीत, त्यांच्या चौकटींच्या वरच्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. ओळखीचा बोळ इतका अनोळखी मी कधी पाहिला नव्हता. पुढचे पाच दिवस याच उंचीवरून काढले, प्रत्येक गल्लीत तिथल्या रेघेच्या उंचीला. काही ठिकाणी लेन्स गुडघ्याशी आली, काही ठिकाणी मोनोपॉड पुरेना. भाचीच्या मैत्रिणींनी त्या फोटोंवर खूप विचारलं. एकीनं लिहिलं, "काकू, या फोटोंत माणसं का नाहीत?" मी लिहिलं, या उंचीला माणसं गच्चीवर असतात.

एकतीस तारखेला आईला घेऊन गेले. ती चौऱ्याहत्तरची आहे, सात महिन्यांत वाड्याकडं आली नव्हती. दुपारी चारला वळवाचं आभाळ भरून आलं होतं, उजेड अगदी मऊ, सावली कुठंच नाही. पेन्सिलीच्या खुणेबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "आई, पाणी कुठवर होतं गं आपल्या दारात?"

तिनं हात वर केला, पोचेना. इकडंतिकडं बघितलं. ओसरीच्या कोपऱ्यात जुना खराटा पडला होता, तो उलटा धरला आणि दांड्याचं टोक चौकटीला टेकवलं.

"इथपर्यंत."

टोक माझ्या खुणेच्या चार बोटं वर होतं. मी म्हटलं, "अगं, नळीनं मोजलंय मी. थोडं खाली येतंय."

"नळीला काय माहीत?" ती म्हणाली. "बोटी जायच्या दारावरनं. गेली की लाट यायची, इथं आपटायची. तुझी नळी सांगते ते थांबलेल्या पाण्याचं. मला वरच्या बाईनं दाखवलंय, ती माडीवर होती अकरा दिवस. चार बोटं वरच."

पावसाचे थेंब कौलांवर वाजायला लागले. ती दांडा हलवेना. मी कॅमेरा सरळ धरला, उभ्या रेषा बघितल्या, आणि खूण, दांडा नि तिच्या मनगटावरची हिरवी बांगडी एका चौकटीत बसेपर्यंत एक पाऊल मागं गेले. मागं भिंत नव्हती, म्हणून जाता आलं.